गोलमध्ये कोण उभं राहणार

बिशान, सिंगापूर
२९ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कान गेले म्हणून तू फोन सोडलास आणि मला या वयात पत्रं लिहायला लावलंस. असो.

बातमी अशी की इराच्या आइस हॉकी संघाचा मी मॅनेजर झालो आहे. हसू नकोस. इथे बारा महिने घाम, त्यामुळे स्वेटर घालायची हौस बर्फाच्या रिंकवरच भागते. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होतोय आणि कोचनी प्रत्येक मुलाबद्दल माझं मत मागितलं आहे.

तर ऐक. कप्तान वरुण पळतो छान, पण तासाभरानं पाय ओढायला लागतो. गार्गी बचावात भक्कम, मात्र सराव संपला की डोकं धरून बसते. तिची आई मोबाइलला दोष देते. यशोधनला मागच्या आठवड्यात दोनदा उलटी झाली, पण त्याचं खाणंच अरबटचरबट. एकटा आर्यन टवटवीत. तेरा वर्षांचा आहे, आमचा राखीव गोलकीपर. ट्यूशनहून उशिरा येतो आणि जेमतेम अर्धा तास खेळतो.

पहिली गोलकीपर आपली इरा, आणि तिचंच लिहायला जड जातं. पूर्वी चकती, म्हणजे आमचा चेंडू, कुठून येणार हे तिला आधीच कळायचं. हल्ली समोरून आलेलीसुद्धा सुटते. परतताना MRT मेट्रोमध्ये अशी झोपते की बिशान आलं की गदागदा हलवावं लागतं. मी काही विचारलं की इथल्या बोलीत एकच उत्तर, कॅन लाह, म्हणजे जमतंय. मॅनेजरची मुलगी म्हणून घेतली असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी तिला रोज एक तास जादा थांबवतो.

रिंक सेम्बावांगला एका जुन्या गोदामात आहे. बर्फ टिकावा म्हणून दारं कायम बंद. मधूनमधून ट्रॅक्टरएवढं यंत्र बर्फ घासून गुळगुळीत करत फिरतं. तू आलीस की दाखवीन.

गुडघ्याला जप. माया आहेच, ती तशीच राहो.

तुझा,
प्रबोध


नाशिक
८ जुलै २०२५

चि. प्रबोध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मॅनेजरसाहेबांचं अभिनंदन. लहानपणी गल्लीतली पोरं तुला खेळायला न घेता धावा मोजायला बसवायची. अखेर तुझे दिवस आले म्हणायचे.

पण तुझं पत्र वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एकाचे पाय, एकीचं डोकं, एकाचं पोट, इराची झोप. ही चार मुलांची चार दुखणी नव्हेत रे, हे एकच दुखणं आहे. आणि जो सगळ्यात कमी वेळ आत असतो तो ठणठणीत! ते यंत्र कशावर चालतं? हवा बाहेर जायला वाट आहे का?

आपल्या शेजारची वल्लरी आठवते? बाथरूममध्ये गॅसचा गीझर आणि थंडी म्हणून खिडकी बंद. त्याआधी कितीतरी दिवस ती डोकं दुखतं म्हणायची आणि सासू म्हणायची, कामाचा कंटाळा. दार फोडलं तेव्हा मी तिथे उभी होते. जळत्या गॅसमधून निघणाऱ्या त्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

वरच्या मजल्यावरच्या शैलेंद्रकडून हेच तुला फोनवर मेसेज करून कळवलं, तर तू नुसता अंगठा पाठवलास. अंगठ्यानं माझं भागत नाही. रिंकवाल्यांना विचार आणि खात्री होईपर्यंत इराला पाठवू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

उल्काला आणि इराला आशीर्वाद. तुमच्यावर जीव आहे म्हणून रागावते.

तुझी,
संजीवनीताई


बिशान
२० जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. ताईला जिथे तिथे गीझर दिसतो, असं उल्काला म्हणालोही. ती हसली नाही. आईचं काळीज, दुसरं काय.

म्हणून विचारलं. यंत्र गॅसच्या सिलिंडरवर चालतं. हवा बाहेर फेकणारा छताचा पंखा मे महिन्यापासून बंद आहे, कुठलासा भाग यायचाय. कोच म्हणाले, एवढ्या मोठ्या जागेत काही होत नाही. मी जास्त ताणलं नाही. हंगाम तोंडावर आलाय. पालकांना गीझरची गोष्ट सांगितली तर ते मुलं काढून घेतील, संघ मोडेल, आणि शेवटी काहीच निघालं नाही तर माझं हसं होईल.

तुझा शब्द मात्र मोडवला नाही. सर्दीचं निमित्त सांगून इराला घरी ठेवली. दोन-तीन दिवसांत तिची ती सुस्ती गेली, हेही कबूल करतो.

तिच्या जागी पहिला गोलकीपर म्हणून आर्यनचं नाव दिलं. पोरगं आनंदानं नाचलं! त्याचे वडील दीनानाथ हार्बरफ्रंटला एका बँकेत आहेत. त्यांनी हंगामापुरती ट्यूशन बंद केली. आता तो सरावाला पहिल्यापासून येतो आणि इराचा तो जादा तासही करतो. येत्या शनिवारी निवडीचा सामना आहे. तेवढा पार पडला की पंख्याचा विषय काढतो.

राग सोड आणि लोभ धर.

तुझा,
प्रबोध


बिशान
२८ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न.

इरा सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचशील.

शनिवारी सामना संपला, यंत्र फिरून गेलं आणि आर्यन जादा सरावाला थांबला. तो गुडघ्यांवर बसला होता. गोलकीपर तसे बसतातच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. एक चकती त्याच्या बाजूनं आत गेली, त्यानं हात उचलला नाही. कोच ओरडले, लक्ष कुठे आहे म्हणून. दुसरी चकती त्याच्या छातीवर आदळली आणि तो तसाच पुढे पडला. दारं उघडा असं ओरडत मी धावलो. बाकी सगळे त्याला कुठे लागलंय ते बघत होते. दारांचं मलाच कसं सुचलं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तो अतिदक्षता विभागात आहे. डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. वरुणला आणि गार्गीला तपासून घरी सोडलं. रिंकला टाळं लागलं आहे.

काल दीनानाथांना सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मला पाहताच त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, पोरगं वर्षभर बाकावर बसून होतं, तुम्ही त्याला संधी दिलीत, त्या आठवड्यात तो घरभर गात होता. बरा झाला की त्याची जागा राखून ठेवा, असंही म्हणाले. मी हो म्हणालो, ताई. सांगायचं ते तसंच घेऊन परत आलो. स्वतःची शरम वाटते.

आज इरानं विचारलं की सर्दी नसताना तिला घरी का ठेवलं. उल्का उठून आत गेली. मी सांगितलं, आत्याचं पत्र आलं होतं. मग आत्यानं फक्त तिच्यापुरतंच लिहिलं होतं का, हा तिचा पुढचा प्रश्न. मी तुझं पत्रच तिच्या हातात दिलं.

समोर बसून ती वाचते आहे. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. अजून पहिल्याच पानावर आहे.

तुझी माया तेवढी काढून घेऊ नकोस.

प्रबोध