दार घासतंय तोवर

३ जून

आलो एकदाचे वर! विश्रांतिघर उघडलं. म्हणजे उघडायला गेलो — दार हलेना. ह्यांनी खांदा लावला, मी तोंड चालवलं, मग उघडलं. आता दरवर्षीसारखा रंधा मारणं आलं. दार मामंजींनी स्वतः बसवलेलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नाही. ‘लाकूड ओल धरतं,’ हे म्हणाले.

५ जून

दगडवाली मुक्कामाला आली. खरं तर भूशास्त्रज्ञ, पण पिशवीत दगड, खिशातही दगड! दार बघून म्हणाली, लाकडाचा दोष नाही, जमीन सरकतेय. घर दगडगोट्यांवर उभं आहे आणि त्यांच्याखाली जुनी हिमनदी आहे.

मी विचारलं, हिमनदी आली कुठून? तर म्हणाली, दोन भूखंड एकमेकांना रेटतात, माघार कुणीच घेत नाही, मग मधली जमीन वर उचलली जाते. (आमच्या घरात हे कुणाला समजावायला नको!) इतकी वर, की पडलेला बर्फ उन्हाळ्यातही संपत नाही. थरावर थर. खालचा दबून टणक होतो आणि आपल्याच वजनाने उताराला लागतो.

‘म्हणजे डोंगर अजून वाढतोय?’ हे खूश. ‘मग आपणही वरच चाललोय की!’

‘डोंगर वर, तुमचं घर खाली,’ ती म्हणाली.

६ जून

निघताना तिने मला बाजूला घेतलं. ‘दार घासतंय तोवर हरकत नाही. खालचा बर्फ वितळून पोकळी झाली, की घर उलट्या बाजूला कलेल. दार एकदम सैल झालं तर थांबू नका.’

ह्यांना सांगितलं. ‘बाबांनी बांधलंय. मी कुठेही जाणार नाही.’ झालं! विषय संपला.

२० जून

घासतंय.

१४ जुलै

चढाईवाल्यांची गर्दी. एकाने विचारलं, दार बदलत का नाही? ह्यांनी त्याला मामंजींची अख्खी कथा ऐकवली. बिचाऱ्याचं सूप गार झालं.

मी रोज सकाळी चोरून दार लावून बघते. भीती वाटते. इथून हलवलं तर हे खचतील. आणि नाही हलले तर —

घासतंय अजून.

९ ऑगस्ट, खाली नणंदेकडे

सकाळी दार बोटाने लोटलं आणि अलगद बसलं. मी तिथेच उभी. हे मागून बघत होते. वाटलं, आता भांडण.

ह्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार पाठीवर घेतलं.

‘आवर लवकर,’ म्हणाले. ‘कुलूप शोधू नकोस.’