सुट्टीत बस येत नाही

फ्रँकफर्टजवळ,
ऑक्टोबर २००८

प्रिय शुभा,

फोनवर तू विचारतेस आणि मी मजेत आहे म्हणून सांगते, ते सगळं खोटं आहे. फोन हॉलमध्ये आणि पुष्कर शेजारी बसलेला, मग बोलणार काय, कपाळ? म्हणून लिहायला बसले.

घराला नावं ठेवायला जागा नाही. मोठी बाग, मला स्वतंत्र खोली. गावात मात्र दुकान नाही, दवाखाना नाही, रस्त्यावर चालणारं माणूस नाही. माझा लेक पुष्कर मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, तेव्हा दारात दोन गाड्या. एक तो नेतो, एक सूनबाई. नातीला, शमिकाला, जाता जाता शाळेत सोडतात. मागे उरते मी. शनिवारी मला गाडीत बसवतात, पट्टा लावतात, सुपरमार्केटपाशी उतरवतात आणि पुन्हा बसवून आणतात. सामान डिकीत, मी मागच्या सीटवर, एवढाच काय तो फरक. पुण्यात आपण पर्समध्ये पास टाकून कुठे कुठे उंडारायचो. चुकीच्या बसमध्ये चढलो तर तिकडची भाजी घेऊन घरी यायचो, पण अडून कधी बसलो नाही.

इथल्या मराठी मंडळात मला प्रभा भेटली. नागपूरची, लेकीकडे आलेली, माझ्याच वयाची. तिच्या घराखालून ट्राम जाते. ती एकटी नदीवर फिरायला जाते, मंगळवारी बायकांच्या भजनाला जाते. मलाही ये म्हणाली. मला तिचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोललेही नाही.

मग मीच ठरवलं, बसने जायचं. बस आहे गं इथे. कोपऱ्यावर थांबा आहे, पाटी आहे, बाक आहे. रोज सकाळी मुलांना घेऊन एक बस शहराकडे जाते, ती मी खिडकीतून बघायची. शमिकाच्या शाळेला सुट्टी लागली होती, तिला कसल्याशा शिबिरात सोडून दोघं कामाला गेले आणि मी साडीवर कोट चढवून बाकावर जाऊन बसले. शाळेला सुट्टी लागली की बसलाही लागते, हे मला कोणी सांगणार? पाटीवर बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे, पण जर्मनमध्ये. मोटारी जायच्या, माझ्यापाशी आल्या की हळू व्हायच्या. एका बाईने काच खाली करून हातानेच नाही नाही केलं. मला कळलं, बस येणार नाही. तरी उठले नाही. खरं सांगते, बाहेर बसून मला बरं वाटत होतं. घरी जाऊन करणार काय होते?

शेवटी पोलीस आले. अगदी अदबीने बोलले हो. घर कुठे म्हणून विचारलं. घर वळणापलीकडे, पण आमच्या गल्लीचं नाव हातभर लांब, ते ऐनवेळी तोंडात येईना. मी आपलं बोट दाखवत राहिले. कोणी शेजाऱ्याने ओळखलं, पुष्करला कामावरून बोलावून घेतलं. आई, तू हरवली होतीस, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मी जागेवरच होते, हरवली ती बस. पण त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मला डॉक्टरकडे नेलं, स्मरणशक्ती तपासायला. शंभरातून सात सात वजा करायला लावले. जन्मभर मुलांना गणित शिकवलं मी, घडाघडा म्हणून दाखवलं, तेही मराठीत. मग विचारलं, आपण कोणत्या राज्यात आहोत. माझ्या तोंडून महाराष्ट्र गेलं. तेवढं मात्र डॉक्टरने लिहून घेतलं. पुष्कर मान हलवत गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं करत होता.

तेव्हापासून दोघं जाताना दाराला बाहेरून कुलूप करतात. हे मला सांगताना पुष्कर माझ्या पायाशी बसून रडला. तो दुष्ट असता तर मी भांडले असते गं. आता दिवसभर मी खिडकीत असते.

आता मुद्द्याचं. नाताळच्या रजेत पुष्कर पुण्याला येतोय, माझा फ्लॅट विकायला. मी कायमची इथेच राहायचं असं ठरलंय. मला त्याने गाडीत विचारलं, आणि धावत्या गाडीतून माणूस उठून जाऊ शकत नाही, मी हो म्हटलं. माझे कागद आणि किल्ली तुझ्याकडे आहेत, ती त्याला देऊ नकोस. सापडत नाही म्हण, काहीही म्हण, थापा मारण्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. हे पत्र मी दिवाळीच्या कार्यक्रमात प्रभाकडे देईन, उत्तरही तिच्याच पत्त्यावर पाठव. त्यात एक मात्र खरं लिही. परवा मी शमिकाला बराच वेळ तुझ्या लेकीच्या, सुकन्याच्या नावाने हाका मारत होते, ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली तेव्हा लक्षात आलं. शेजारी राहून इतकी वर्षं तू मला बघितलंस. पुण्यातही माझं असं होत होतं का? होत असेल तर तसं लिही, आणि मग खुशाल किल्ली त्याच्या हातात दे. फक्त ते मला तुझ्या तोंडून कळू दे, डॉक्टरच्या नको.

तुझीच,
लतिका