माळालगतच्या दोन खोल्या

१४ फेब्रुवारी, रविवार

आज तिसरं घर बघितलं. मुकुंदवाडी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली मालकीणबाई एकट्याच राहतात. रिटायर नर्स आहेत. कुसुम घर बघतच नाही, आधी नळ बघते. आमची ही म्हणजे इन्स्पेक्टर. "पाणी कितव्या दिवशी येतं? किती वाजता? मोटर लावू देता का? ड्रम ठेवायला जागा कुठं?" बाईंनी सगळं नीट सांगितलं. चौथ्या दिवशी, पहाटे, तासभर. आमच्या दिपीला शाळा चालत दहा मिनिटांवर. जूनमध्ये ती दहावीला जाईल. कुसुमनं ओट्यावरून हात फिरवला तेव्हाच कळलं, तिनं मनात भांडीसुद्धा लावली.

मग मी वडलांच्या मेंढरांचं काढलं. काढायलाच पाहिजे होतं. बाई आधी हसल्या, "जिन्यानं चढवता का काय?" माझं तोंड बघून हसू आवरलं. म्हणाल्या, "जनावर नको हो भाऊ. मला या गल्लीत राहायचंय."

परतीच्या पॅसेंजरमध्ये, आमचं लासूर स्टेशन येईपर्यंत, कुसुम खिडकीकडं तोंड करून बसली होती.

१६ फेब्रु., मंगळ.

सेकंड शिफ्ट. घर ते शेंद्र्याची कंपनी, कंपनी ते घर, रोजचे चार-साडेचार तास. त्याचं काही नाही, सवय झाली. पण विहीर जानेवारीतच कोरडी पडली. टँकर आठव्या दिवशी येतो. दिपी पाण्याच्या रांगेत उभी राहते म्हणून या महिन्यात पाच दिवस शाळा बुडाली. जूनच्या आत शहरात जायचंच. ठरलंय. ठरलेलं सगळं मलाच करायचंय.

आबांच्या अठरा मेंढरांसाठी चारा छावणीत जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, मोठी जनावरं फक्त. आबांना सांगितलं तर म्हणतात, "मेंढरू काय हवा खातं का?"

विकायचा विषय परत काढला. आई गेल्यापासून त्यांचं जग तेवढंच आहे, मला कळतं. पण काढला. म्हणाले, "इकून मी काय दिवसभर भितीकडं बघू?"

२८ फेब्रु., रवि.

झालं. घर ठरलं. म्हणजे मी ठरवलं नाही, कुसुमनं तर नाहीच.

कंपनीतल्या एकानं सांगितलं होतं, जालना रोड सोडून आत, शेंद्र्याच्या अलीकडं, रांगेत चार खोल्या बांधल्यात, दोन रिकाम्या. मागं मोठा माळ. आबांना म्हटलं, चला, नुसतं बघून येऊ. नुसतं बघून हा शब्द मी दोनदा वापरला होता.

आबांचं तरुणपण वाटेवर गेलं. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन खाली जायची. कळपाच्या एक दिवस आधी आबा पुढं निघायचे, कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची ते ठरवायला. शेतकरी सुपारी पुढं करायचा. ती तोंडात टाकली की बोली पक्की. मग शेजारच्या शिवारात गुडघाभर चारा असला तरी कळप तिथं वळायचा नाही. आबांच्या सुपारीवर शंभर माणसं चालायची, असं आई सांगायची.

तर आबा माळावर गेले. वाकले, गवताची एक मुळी उपटली, चावून बघितली. "जित्ती हाय. एक सर पडू दे, बघ." सगळीकडं नजर फिरवली. "पेर नाय, राखण नाय, काटी-कुंपण नाय. येवढं रान असंच सोडलं लोकांनी? येडे हायेत का काय." किती दिवसांनी त्यांचा आवाज असा ऐकला.

मी न् कुसुम बोअरचं बटण दाबून बघत होतो. पाणी आलं, बऱ्यापैकी आलं. वळून बघतो तर मालक भाऊसाहेब न् आबा ओट्यावर बसलेले, मधी पानाचा डबा आणि आबांचा जबडा हलतोय.

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. मी बोअरकडं.

१ मार्च

काल रात्रीपासून घरात धुसफूस. कुसुमचं म्हणणं, "जागा बाप्यांनी बघायची न् पाणी बायांनी भरायचं. तुमच्यात हेच चालत आलंय. तिथून शाळा किती लांब हाय, इचारलं कुणी?" मी म्हटलं, मला काय बोलतेस, आबांना बोल. मला वाटलं, जाणार नाही. गेली.

दोन मिनिटांत परत आली. काय म्हणाले विचारलं तर, "म्हणले, पोरी, तुझं खरं हाय. पण सुपारी खाल्ली, जबान गेली."

ती भाकरी थापायला बसली.

४ मार्च

इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही.

माळावर दगड होते. हातभर उंचीचे, पांढरा रंग दिलेले, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. आबांना ते बांधाचे धोंडे वाटले. त्यांनी जन्मभर जमीन एकाच हिशेबानं बघितली, पेरलेली की मोकळी. मी नऊ वर्षं शेंद्र्याला जातोय. असे दगड पडले की पुढं काय होतं, ते रोज बसच्या खिडकीतून बघतोय. मला दगड दिसले होते. सुपारी तोंडात जायच्या आधी दिसले होते.

बोललो नाही. आबा खूश होते. भांडण टळत होतं. आणि मी थकलो होतो. खरं सांगायचं तर एवढंच.

८ एप्रिल, पाडवा

टेम्पोत सामान, कुसुम, दिपी, धाकटा ओम. आबा मेंढरं घेऊन तीन दिवस आधीच चालत निघाले होते. आम्ही पोचलो तर हे आमच्या आधी हजर, ओट्यावर पाय सोडून. "उशीर केला राव तुमी."

नव्या दारात गुढी उभारली. कडुलिंब भाऊसाहेबांच्या झाडाचा. माणूस चांगला वाटला. त्याची तिथली सगळी जमीन गेली, दीड एकर राहिली, त्यात ह्या खोल्या बांधल्या. ओमला म्हणाला, "हितं माझी ज्वारी असायची, तुझ्यापेक्षा उंच."

२० एप्रिल

सायकलवर पंधरा मिनिटांत कंपनी. दुपारी घरी जेवलो, नऊ वर्षांत पहिल्यांदा. आबा संध्याकाळी मेंढरं घेऊन येतात, ओम त्यांच्या पुढं पळतो. शाळेचं बघू, बस करता येईल. कुसुमनं दारात तुळस लावली. भांडण नाही. असं चालू राहिलं तर माझं गप्प राहणंही खपून जाईल, असं वाटायला लागलंय.

२ मे, सोम.

बोअर गेला. सकाळी मोटर नुसती घरघरली. भाऊसाहेबांनी पाइप वर काढला, दोन फूट ओला. "शेजारच्या कंपाऊंडमधी तीन नवे घेतले त्यांनी, लई खोल. आपलं पाणी तिकडं गेलं." आता टँकर. तिघा भाडेकरूंत एक टाकी, बादली मोजून.

कुसुम "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती फक्त ड्रम धुवायला बसली, कोरड्या फडक्यानं.

१५ मे, रवि.

माळाच्या तोंडाशी बोर्ड लागला. भला मोठा, रंगीत. हिरवळ, कारंजं, सायकलवरची गोरी पोरं. आबा मेंढरं घेऊन निघाले होते, थांबले. दिपीला म्हणाले, "वाच गं." तिनं मोठ्यानं वाचलं. प्लॉट, रुंद रस्ते, बुकिंग सुरू.

"मंग हे धोंडे?"

"प्लॉटचे आहेत आबा. दोन धोंड्यांच्या मधी एक घर." दिपीनं हातानं दाखवलं, इथून इथपर्यंत. शाळकरी पोरगी, तिला एका मिनिटात समजावता आलं.

आबा माझ्याकडं वळले. "बापू, तुला ठावं होतं?"

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. ड्युटीला उशीर होतोय म्हणालो. रविवार होता.

१८ मे

आबा भाऊसाहेबांकडं गेले. मी लांबून ऐकत होतो. आबा भांडत नव्हते, विचारत होते. "मी तुमची सुपारी खाल्ली व्हती. मेंढरांचं बोलून खाल्ली व्हती."

भाऊसाहेबानं पानाचा डबा मिटला. मग म्हणाला, "आबा, ती खोल्यांची व्हती. माळ माझा कुठं ऱ्हायला? चार साल झाले इकून. आता मलाच तिथं पाय ठेवू देत न्हाईत."

"मंग तवा कामून नाय बोलले?"

"तुमी लई खूश दिसले."

तोही. म्हणजे मी एकटाच नव्हतो. त्यानं मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२९ मे, रवि.

तारेचं कुंपण पूर्ण. राखणदार ठेवलाय, बिचारा बिडकीनकडचा, त्याचीही जमीन गेलेलीच. आबांना म्हणतो, "बाबा, मला नका अडचणीत आणू, माझी नोकरी जाईन." आबा मेंढरं रस्त्याच्या कडेनं नेतात. शेंद्र्याकडं जाणारे ट्रक, कंटेनर. आबांना डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही.

कुसुमनं आज माझ्या हातात डबा दिला न् तिथंच उभी राहिली. "मला आता शाळेचं नाय न् पाण्याचं नाय काही. म्हातारं रोज घरी येईस्तोवर माझा जीव ठिकाणावर नसतो." मी तिला म्हातारं म्हणू नको असं म्हणालो. बोलायला एवढंच सुचलं.

१ जून

पंधरा मेंढरं. दोन ट्रकखाली, एक आजारानं. आबांच्या कोपराला खरचटलंय. मी हळद लावत असताना म्हणाले, "डायवरची चूक नव्हती."

५ जून, रवि.

बिडकीनच्या बाजूला जाऊन आलो. मग करमाडकडं. जिथं जनावर चालतं तिथं पाणी नाही, पाणी आहे तिथं जनावर नाही, आणि जिथं दोन्ही आहे तिथं दगड पडलेत. आता मला गवत दिसतच नाही, आधी दगड दिसतात. एका ठिकाणी मालकानं पान पुढं केलं, मी घाबरून हात मागं घेतला. त्याला राग आला.

गावाकडं परत? चुलतभावाला फोन केला. म्हणाला, टँकर आता दहाव्या दिवशी.

९ जून

शाळा पंधराला उघडतात. दिपीचं अजून कुठंच नक्की नाही. कुसुमनं मुकुंदवाडीच्या बाईंचा नंबर डायरीतनं शोधून स्वतः फोन केला. खोल्या रिकाम्या होत्या, नुकत्याच झाल्या. बाईंना ती आठवत होती, "नळवाली ना?" दोन दिवसांत कळवते म्हणाल्या, अजून एक जण बघून गेलाय.

मी आबांना सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो. ते मेंढीच्या पायातला काटा काढत होते. शेवटी काही न सांगता शेजारी बसून मेंढीचा पाय धरून ठेवला.

१२ जून, रवि.

सकाळी बाईंचा फोन आला. मी बाहेर ओट्यावर होतो. आबा समोरच, हाताच्या अंतरावर, दोरखंडाची गाठ सोडवत बसलेले. कुसुम दारात तांदूळ निवडत होती.

बाई म्हणाल्या, खोल्या तुम्हालाच देते, दुसऱ्याला नाही म्हणून सांगितलं. फक्त टाकी छोटी आहे, त्या हिशेबानं विचारते, राहणारी माणसं किती?

"चार," मी म्हणालो.

विचार करून नाही. प्रश्न आला, उत्तर गेलं. एवढ्या सरळ आवाजात मी गेल्या चार महिन्यांत काही बोललो नव्हतो. बाई म्हणाल्या, ठीक आहे, उद्या दुपारपर्यंत या, चावी घेऊन जा.

फोन ठेवला. कुसुमचा हात सुपातच. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. आबांनी गाठ सोडवली, दोर नीट गुंडाळला, खुंटीला अडकवला.

जेवायला बसलो. कुसुमनं आबांना आधी वाढलं, भाकरीवर तूप घातलं, सणासुदीला घालते तसं. त्यांनी ते बघितलं. सगळं खाल्लं. ओम म्हणाला, आबांनाच का तूप? कुसुमनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

हात धुताना आबा म्हणाले, "तिथून पोरीची शाळा किती लांब म्हणाला व्हता?"

"चालत दहा मिनिटं."

"चांगली हाय मग जागा," म्हणाले, न् मेंढरं सोडायला उठले.

मी मागं जायला पाहिजे होतं. कुसुम म्हणालीही, जा की. चपला घालेपर्यंत ते मेंढरांसकट रस्त्यावर वळले होते. आता पाच वाजलेत. बाईंचा नंबर काढून बसलोय. माणसं पाच म्हटलं तर खोल्या तरीही देतील, माणसाला त्यांची ना नाही, मेंढरांना आहे. मग आबांना विचारावं लागेल, आणि ते मेंढरं सोडून येत नाही म्हणतील हे मला माहीत आहे, म्हणून तर तोंडातून चार गेलं. पण त्यांना विचारलं तरी पाहिजे होतं.