धूर माझा, पगार त्याचा

मी, सादिर मेंढपाळाची मुलगी बुर्माकान, वय एकाहत्तर, राहणार टोकमोक, कालव्यापलीकडची गल्ली, आज स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, नोटरीबाईंच्या समक्ष हे लिहवून घेत आहे. छाती धड नाही, दोन वाक्यांच्या मध्ये दम घ्यावा लागतो. पण डोके ठणठणीत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही, धाक घातलेला नाही. धाक घालणारा माणूस मुले मोठी झाल्यावर घर सोडून गेला. नोटरीबाई म्हणतात, हे वाक्य कायद्याच्या कामाचे नाही. असू द्या, माझ्या कामाचे आहे.

यंदाच्या वसंतात मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर माझी मुलगी नुर्झात हिच्या नावे लिहिले होते. ते आजपासून रद्द समजावे. आमच्यात आईबापांचे घर धाकट्या मुलाला जाते. तो रिवाज मी तेव्हाही मोडला होता आणि आजही मोडते आहे, फक्त आज दुसऱ्या बाजूने. घर कोणाला, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बाकीच्या वस्तू आधी निकालात काढते.

कलम एक. हत्यारे. गोठ्यातल्या लाकडी पेटीत वेल्डिंगचा मुखवटा, होल्डर आणि जाड तांब्याची केबल आहे. केबल माझा मुलगा तालांत याने भंगारात विकावी, तांब्याला भाव आहे. मुखवटा कोणी घेणार नाही. तो विकू मात्र नये, कारण तो नवऱ्याच्या नावावर दिलेला असला तरी त्याच्या आतला घाम माझा आहे.

इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत. आमच्या कारखान्यात दुधाच्या आणि तेलाच्या टँकरच्या टाक्या बनत. टाकी बाहेरून जोडणे सोपे, आतून जोडणे जिवावरचे. आत धूर कोंडतो, लोखंड तापते, आणि आत जायचे तोंड एवढेसे. म्हणून आतल्या कामाला पगार जवळजवळ दुप्पट होता, वर धुरावर उतारा म्हणून रोजचे दूध आणि लवकर मिळणारे पेन्शन. पण ते काम बायकांना मना होते. कायद्याला आमच्या गर्भाशयाची फार काळजी होती.

माझा नवरा ओरोझाली कागदोपत्री आतला वेल्डर. खांदे दाराएवढे. टाकीच्या तोंडातून त्याचे मांडीपर्यंतचे पाय तेवढे गेले असते, बाकीचा माणूस बाहेरच. मी अंगाने चिमणी. काम मी त्याच्याच शेजारी उभी राहून शिकले होते, आणि लोखंडाच्या सांध्याची माझी शिवण सरळ येई. तेव्हा एक दिवस फोरमन गेन्नादी म्हणाला, "ओरोझाली, तुझ्या बायकोला घाल की आत. कामाच्या वहीत नाव तुझं, हात तिचे. पैसे शेवटी एकाच हंड्यात शिजणार ना?"

आम्हा सगळ्यांना ते पटले. मलाही. आमच्याकडे नवराबायकोची थैली एकच असते. ती कोणाच्या खिशात आहे असे विचारणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी आत उतरे, कमरेला दोर. ओरोझाली बाहेर बसून दोर धरी आणि सिगारेट ओढी. हजेरीपटावर तो आतला वेल्डर आणि मी झाडूवाली. माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या, त्यांचीही हीच व्यवस्था.

एकदा राजधानीतून तपासनीस आला. मी आत, टाकीच्या तोंडातून निळा उजेड लखलखतो आहे, आणि आतला वेल्डर बाहेर उभा.

"आत कोण आहे?" साहेबाने विचारले.

"साहेब, यंत्र तपासतोय," गेन्नादी म्हणाला.

"यंत्र खोकतं?"

मी तोंडात डोक्याच्या रुमालाचे टोक कोंबले. साहेब हसला, पुढे गेला, आणि त्या वर्षी ओरोझालीला उत्कृष्ट कामगार म्हणून मनगटी घड्याळ मिळाले. सन्मानफलकावर त्याचा फोटो लागला. तो फोटो मीच फडक्याने पुशी, कारण झाडूवाली मी होते.

पुढे मी हिंमत करून गेन्नादीला म्हटले की बाहेरच्या जोडणीला तरी माझे नाव लावा, ते तर बायकांना चालते. तो म्हणाला, श्रेणीची परीक्षा दे. परीक्षा रशियनमध्ये. मी शिवण घालून दाखवली, तोंडी उत्तराला अडखळले. तो म्हणाला, "तुमच्या लोकांना मेंढ्याच बऱ्या." माझ्यासोबत बसलेला ल्योशा, ज्याची टाकी पाण्याच्या चाचणीत गळली होती, तो पास झाला. आयुष्यभर मी विचारत आले की एकाच कामाला दोन पगार का. कारण दर वेळी नवे मिळाले. आधी गर्भाशय, मग भाषा, मग शिक्षण, मग वय. आकडा मात्र दर वेळी तोच राहिला.

कलम दोन. ओरोझाली यास काहीही नाही. कारखाना बंद पडल्यावर त्याला धोक्याच्या कामाचे मोठे पेन्शन लागले आणि मला झाडूवालीचे, तेही पुढे बऱ्याच वर्षांनी. पेन्शन लागताच त्याला राजधानीत दुसरी बायको सापडली. तिच्यासाठी फ्लॅट घेतला. हे घर त्याने माझ्या नावे करून दिले, त्याला लोक अजून दिलदारी म्हणतात. मी भांडायला गेले तेव्हा दारातच म्हणाला, "तुझं काय आहे त्यात? तुझं नाव दाखव कुठे आहे ते." खरेच, कुठेच नव्हते. त्याची छाती आजही स्वच्छ आहे, डॉक्टर त्याचे कौतुक करतात म्हणे. तो माझ्या मातीला आला तर येऊ द्यावे, जेवू घालावे, पण मोठ्याने रडू देऊ नये.

कलम तीन. बँकेत आणि पिठाच्या डब्यात आहे ती शिल्लक नुर्झातला द्यावी. तालांत, माझ्या मातीच्या जेवणाला घोडा कापायचा नाही, मेंढरू पुरे. मला माहीत आहे तू काय म्हणशील. मागे म्हणालासच की, "आई, लोक म्हणतील, आईला मेंढरावर वाटेला लावलं!" म्हणू देत. लोकांनी मला झाडूवाली म्हटले तेव्हा तू कधी लाजला नाहीस. घोड्याचे पैसे बहिणीला पाठव.

कलम चार. नुर्झातला आणखी काही नाही, आणि ते का, हे लिहवणे भाग आहे.

मी टाकीत असताना एकच गोष्ट घोकत असे, माझी पोर शिकेल. नवऱ्याच्या नावाआड लपायची पाळी तिच्यावर येणार नाही. ती शिकली. पाणीपुरवठ्याची इंजिनीअर झाली, लाल डिप्लोमा, सगळ्या विषयांत पहिली. एका कचेरीत लागली. तिच्याच दिवशी, तिच्याच खुर्चीशेजारी एक मुलगा लागला, दोनदा नापास झालेला. त्याला पगार जास्त. साहेब म्हणाला, त्याच्यामागे संसार आहे. नुर्झात म्हणाली, मलाही आहे. साहेब म्हणाला, तुला नवरा आहे, आणि उद्या मूल झाले की तू घरी बसणार. पुढे मूल झाले नाही, नवऱ्याने सोडले, तेव्हा तोच साहेब म्हणाला, "आता तुला पैसे हवेत तरी कोणासाठी?"

ती मॉस्कोला गेली. तिथे डिप्लोमा कोणी उघडून पाहिला नाही, चेहरा पाहिला. गेली कित्येक वर्षे ती तिथल्या इमारतींचे जिने पुसते आणि हिवाळ्यात बर्फ उपसते. तिच्याच शेजारी तसेच फावडे धरणाऱ्या तिथल्या बाईला तिच्याहून जास्त मिळतात. आणि आठवी झालेला माझा तालांत ट्रक चालवून बहिणीच्या वरताण कमावतो. तालांत, हा तुझा दोष नाही. पण तू ईदला सगळ्यांसमोर थोरल्या बहिणीला म्हणालास, "एजे, एवढं शिकून काय उजेड पाडलास?" तेव्हा ती हसली होती. मी हसले नव्हते.

म्हणून वसंतात घर तिच्या नावे केले. वाटले, जगाने तिचे बुडवले, निदान आईने तरी भरून द्यावे.

कलम पाच. घर. तीन खोल्या, जर्दाळूची झाडे, गोठा, गाय. हे सर्व मी माझी सून ऐजामाल हिच्या नावे करते. तालांतच्या नावे नव्हे, ऐजामालच्याच. नोटरीबाई, नाव ठळक लिहा.

ती या घरात आली तेव्हा जिल्हा रुग्णालयात परिचारिका होती. माझी छाती बिघडली, तालांत सदा ट्रकवर, मुले लहान. तालांत म्हणाला, सोड नोकरी. मीही म्हणाले, "अगं, तुझा पगार तो कितीसा?" परिचारिकांचे पगार कमीच असतात, बहुतेक बायकाच असतात ना त्या. तिने सोडली. तेव्हापासून ती पहाटे गायीची धार काढते, भाकरी भाजते, मला सुई टोचते, पाठ थोपटते, आंघोळ घालते. हेच काम रुग्णालयात केले तर थोडा पगार, घरी केले तर मुळीच नाही.

वसंतातले मृत्युपत्र मी जेवताना सर्वांना सांगितले. ऐजामाल नेहमीप्रमाणे समोवारजवळ बसून चहा ओतत होती. सुनेने पेल्यात घोटभरच चहा ओतायचा असतो, म्हणजे माणूस पुन्हापुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरलेला पेला नकोशा पाहुण्याला देतात. तो प्यायचा आणि उठून जायचे. तिने माझ्यासमोर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. बाकी कोणाच्या लक्षात आले नाही. तालांत तोंडात मांस कोंबत होता.

रात्रभर मी रागाने धुमसले. सकाळी ती सुई घेऊन आली तेव्हा विचारले, "माझ्याच घरात मला उठवतेस?"

"तुमचं घर कुठं राहिलं, आई? ते तर मॉस्कोला गेलं." तिने मान वर केली नाही, सुनेने करायची नसते. "माझा पगार कितीसा म्हणून घरी बसवलंत. आता घर वाटताना म्हणता, हिनं कुठं कमावलंय. उद्या तुम्ही गेलात की मी मुलं घेऊन कुठं जाऊ? ट्रकमध्ये?"

"तालांत बघेल."

"तालांतचे वडील बघत होते ना तुमचं?" एवढे बोलून तिने माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि सुई नेहमीसारखी दुखू न देता टोचली.

मी बाही खाली ओढली आणि मनात हिशेब मांडायला बसले. दोघींना अर्धे अर्धे लिहावे म्हटले, तर अर्ध्या घराला गिऱ्हाईक मिळते आणि अर्ध्या घरात भांडण राहायला येते. माझी मजुरी माझ्या नावाने पडली असती तर आज माझ्याकडे दोन घरे असती, एक लेकीला, एक सुनेला, आणि या कागदाची गरज पडली नसती. एकच आहे. ज्या दोघींचे बुडाले त्यांच्यातच मला निवड करावी लागते आहे, आणि ज्यांनी बुडवले ते कोणीही या खोलीत नाहीत.

गेल्या रविवारी मी नुर्झातला फोन केला. सांगितले. पलीकडे फावड्याचा आवाज थांबला.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "तिनं राबून मिळवलंय. मी तिच्या जागी असते तर याहून मोठ्यानं भांडले असते."

"आणि तू गं?"

"माझं काय. मी आहे इथं."

"एक खोली तुझ्या नावे लिहू?"

"नको. लोकांच्या घरात खोली घेऊन राहायची सवय आहे मला, पण आपल्या घरात नको." मग तिने फावडे भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. "आई, मी येणार होते. कायमचीच. ते कागद झाले तेव्हाच ठरवलं होतं. पलंग विकला, कामावरही सांगून टाकलं, की या वर्षानंतर मी नाही."

मी म्हटले, मग जुनेच राहू देते, नोटरीबाईंना बोलावतच नाही.

"खबरदार आता बेत बदललास तर," ती ओरडली. तशी ती माझ्यावर कधीच ओरडली नव्हती. मग हळूच म्हणाली, "इथल्या साहेबाला सांगते, राहतेय म्हणून. पगार थोडा कमी करतील, पण ठेवतील." आणि फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी बेत बदललेला नाही. माझी एकच शेवटची सूचना आहे आणि ती कायद्यात बसत नसली तरी पाळावी. हे पत्र माझ्या पश्चात वाचले जाईल तेव्हा रविवारच्या फोनचा भाग ऐजामालसमोर वाचू नये. आयुष्यात पहिल्यांदा तिला केलेल्या कामाचे काही मिळते आहे. ते दुसऱ्या बाईच्या ताटातले आहे, हे तिला कळू देऊ नका.

लिहिले ते मला वाचून दाखवण्यात आले, मी ते ऐकले, आणि स्वतःच्या नावाने स्वतःच्या हाताने सही केली.

बुर्माकान सादिरबायेवा

साक्षीदार:
ल्युबोव तकाचेन्को, निवृत्त क्रेनचालक
झूराकान इशेनोवा, शेजारीण, निवृत्त शिक्षिका

टोकमोक, १७ नोव्हेंबर २०१९