ताईंची किल्ली

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची जागा मिळाली. खुर्ची करकरत नाही, चहा बरा. कामही माझ्या आवडीचं: कंपनीचा सगळा कोड ज्या कुलूपबंद रेपोंमध्ये असतो, त्यांची राखण. साहेबांचा नियम सोपा आहे. प्रत्येकाला स्वतःची वेगळी किल्ली, म्हणजे त्याच्या लॅपटॉपमधली एक छोटी फाइल. लागेल तेवढ्याच रेपोची परवानगी. माणूस गेलं की त्याच दिवशी नाव यादीतून कमी. ही रोजनिशीही मी तिथेच, माझ्या खाजगी रेपोत ठेवतोय. तीन महिन्यांनी मला कायम करायचं की नाही, ते साहेब ठरवतील.

४ जून
माझ्या जागेवर आधी एक ताई होत्या. गेल्या वर्षी आजारपणात वारल्या. त्यांची किल्ली अजून चालू होती. कुणाला काढवली नाही म्हणे. साहेबांनी ते काम मला सांगितलं. मी लगेच काढली.

१९ जून
जिन्यात ताई, मीटिंगमध्ये ताई, चहाला ताई. टेस्टिंगवाल्या मावशी म्हणाल्या, ताईंच्या कोडमध्ये त्यांना कधी चूक सापडली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी बारा दिवस खपून केलेल्या कामाला साहेब नुसतं ठीक म्हणाले. माझ्या पोटात दुखतं, हे इथे तरी कबूल करतो.

२ जुलै
कपाटात ताईंचा लॅपटॉप सापडला, किल्ली त्यातच. त्यांचं नाव यादीत परत घातलं. घाईत एका रेपोऐवजी सगळ्यांची परवानगी दिली गेली, असो. मग त्यांच्या नावाने, जुनी तारीख टाकून, बसच्या वेळापत्रकाच्या कोडमध्ये एक चूक पेरली. उद्या मावशींना सापडेल. कळू दे सगळ्यांना.

३ जुलै
चूक सापडली नाही. आज सकाळी कुणीतरी ती दुरुस्त केली. ताईंच्या नावाने, माझ्यासारखीच जुनी तारीख टाकून. लॅपटॉप कपाटात, कपाटाची चावी माझ्या खिशात. मावशी म्हणाल्या, बघा, किती नेटकं लिहायच्या. एवढा घाबरलेलो असतानाही मी जळलोच.

५ जुलै
आता माझं काम दुरुस्त होतंय. ओळ न् ओळ. माझ्यापेक्षा चांगलं. साहेबांनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली, आणि ती शाबासकी ताईंची होती. किल्ली काढली. दोनदा. यादी उघडली की नाव तिथंच—

६ जुलै
तिने ही रोजनिशी वाचलीय. सगळ्या रेपोंची परवानगी— त्यात हीसुद्धा आली. ४ जूनची नोंद बदललीय: ‘किल्ली काढली नाही. तिच्या नावावर चूक खपवता येईल म्हणून ठेवली.’
मी पुन्हा होती तशी केली. पण खरं तेच आहे. २ जुलैचं ‘नाव परत घातलं’ हीही थापच, ते यादीत होतंच; मी फक्त परवानगी वाढवली.

७ जुलै
यादी पाहिली. या रोजनिशीची मालक: ताई. माझ्या नावापुढे: फक्त वाचन.
मला लिहिता येत नाही. मग आत्ता हे कोण—