चौकोनाबाहेरचे तीन टाके

३ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सातवीत शाळा सोडलीस त्याचा सूड अजून माझ्या डोळ्यांवर उगवतोस. अर्धं पत्र भिंग लावून वाचलं. इकडे शाळेत परीक्षा चालू आहेत, आणि मुख्याध्यापिकेने आजारी पडायचं नसतं म्हणून मी ठणठणीत आहे.

बसस्थानकातल्या स्फोटाचं वाचलंस ना? प्रतीक्षालय झाडणारी बाई आणि एक निवृत्त पोस्टमन, दोघं हकनाक गेली. काल प्रार्थनेनंतर मी मुलांना सांगितलं, असल्या कामाला शाळेचं तोंड न पाहिलेली, रिकामटेकडी, घरी कुणी विचारत नाही अशीच पोरं सापडतात. म्हणून शिका, बाबांनो.

आता तुझ्याकडे काम. आमच्या चिरंजिवांना तुझ्या हातची आणखी एक पिशवी हवी आहे. सुवर्णपदक मिळालं तेव्हा दिलीस अगदी तश्शीच. पहिली हरवली म्हणे. एवढा रसायनशास्त्राचा डॉक्टर, पण वस्तू सांभाळायची अक्कल शून्य! तेरा तारखेला दुकानात येऊन घेऊन जाईल. आईला दोन महिन्यांनी एक ओळ, तीही पिशवीपुरती, मामाकडे मात्र जाणार.

लोभ आहे तेवढा पुरे, अक्षर सुधार.
तुझी ताई

७ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर आज नीट काढतोय. हे चौथं पत्र, आधीची तीन फाडली.

परवाच्या पेपरात पोलिसांनी स्फोटातल्या पिशवीच्या तुकड्याचा फोटो छापलाय, कुणी ओळखतं का म्हणून. पट्ट्याच्या मुळाशी सगळे चौकोन शिवतात आणि दोरा आतच तोडतात. मी डावरा. माझे शेवटचे तीन टाके चौकोनाबाहेर पडतात. त्यापायी अण्णांनी पाठीत किती धपाटे घातले, तरी खोड गेली नाही. ताई, ते तीन टाके फोटोत आहेत. कापडही तेच, जाड हिरवं. त्या कापडाची मी जन्मात एकच पिशवी शिवली, तुझ्या लेकाची.

आधी वाटलं, हरवलेली पिशवी भलत्याच्या हाती लागली असेल. देव करो आणि तसंच असो. पण मग त्याला तश्शीच दुसरी कशाला हवी? मी कापड बेतलं, एक पट्टा लावला, पुढे सुई चालेना. तुला न सांगता मी पोलिसांत जाणार नाही. पण तेरा तारीख जवळ आली. पुन्हा कुणी मेलं तर? काय करू, लवकर कळव.

आशीर्वाद असू दे, आज फार गरज आहे.
धाकटा

९ मार्च
धाकट्या,

लाज कशी वाटली नाही तुला? पहिलीपासून पहिला नंबर सोडला नाही त्या मुलाने. वडील डॉक्टर, घरात भिंतभर पुस्तकं, कधी कशाची ददात पडू दिली नाही. असली पोरं कुठल्या घरांतून येतात हे मी तीस वर्षं पाहते आहे. आमच्या घरातून नाही येत. तुला शिकता आलं नाही त्याचा राग माझ्या लेकरावर काढू नकोस. आणि पुन्हा मला लिहू नकोस.

११ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

परवाचं पत्र फाडून टाक. चुकले मी.

ते टपालात टाकून आले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे एक पान आहे, तुलाही माहीत नाही. नववीत असताना याने शिपायाच्या मुलाला प्रयोगशाळेच्या कोठीत कोंडलं होतं, आत धूर करून. पोर बेशुद्ध सापडलं. का केलंस विचारलं, तर शांतपणे म्हणाला, एकाला धडा दिला की बाकीचे सुधारतात. धाकट्या, ते वाक्य माझंच. दर सोमवारी प्रार्थनेला मीच ते म्हणायची. हुशार मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून मी तक्रारवहीतलं ते पान फाडलं, आणि शिपायाची बदली करवली.

आज पोलिसांत जाऊन आले. अधिकारी छापील फॉर्म भरत होता. मुलगा किती शिकला, वडील काय करायचे, घरची परिस्थिती कशी, नोकरी आहे का, घरी मारहाण व्हायची का. मी सांगत गेले आणि तो दर ओळीला थबकत गेला. शेवटी म्हणाला, बाई, यात कुठेच काही कमी दिसत नाही. तेव्हा मी ते पान पुढे केलं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. त्याने ते टाचणीने मागे लावलं.

तेरा तारखेला त्यांची माणसं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक होऊन बसतील. पिशवी पुरी करू नकोस. आला की त्याला चहा दे, साखर कमी लागते त्याला.

माझ्यावर लोभ ठेवशील ना रे?
ताई

१४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी अकराला आला. वाळलाय. पाया पडला, माझा गुडघा कसा आहे विचारलं. चहा अर्धाच प्याला. पिशवीचं विचारलं, तर मी म्हटलं एक पट्टा राहिलाय. बसतो म्हणाला. तेवढ्यात दोघांनी त्याचे हात धरले. आरडाओरडा केला नाही. पोलिसांना मीच कळवलं का, एवढंच विचारलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

जाताना दारात थांबून म्हणाला, मामाला शिक्षण नाही, त्याला यातलं काय कळणार! हे आधी आईच्या कानावर गेलं असतं, तर तिने काहीही करून वाचवलं असतं.

तूच कळवलंस हे मी त्याला सांगितलं नाही, ताई. खरं काय ते तूच त्याला सांग. भेटीचा दिवस ठरला की मी येतो, तुझ्याबरोबर आत येईन. पिशवी उसवून टाकली आहे.

आणि लोभाचं काय विचारतेस? वेडी कुठली!
धाकटा