रजईतला भात

सोमवार, ४ मार्च

आज वन्संनी माझी रजई पातेल्याला पांघरली. माझी! मला न विचारता. भाताला एक उकळी आली की गॅस बंद, पातेलं रजईत गुंडाळून ठेवायचं, आतल्या वाफेवर तो आपोआप शिजतो म्हणे. "गॅस वाचतो गं, आणि वर उभं राहायला नको."

नवऱ्याची मोठी बहीण. चार दिवसांसाठी म्हणून आलेल्या वन्संना आता महिना होत आला. जन्मभर होस्टेलच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं, आता आम्ही दोघं तावडीत सापडलोय.

भात नीट शिजला होता. त्याचा तर जास्तच राग आला.

बुधवार, ६ मार्च

डब्यांवर चिठ्ठ्या. मीठ. साखर. चहा. "शोधण्यात वेळ जातो." इतकी वर्षं मी या ओट्याशी उभी आहे, मला मीठ सापडत नाही होय? गॅसच्या बटणाशेजारीही चिठ्ठी – बंद.

नवरा म्हणतो, ताईची शिस्तच वेगळी. शिस्त कसली, दादागिरी.

रविवार, १० मार्च

आठवड्याचा स्वयंपाक एकदम. कांदा-टोमॅटोचं वाटण परतून बर्फाच्या ट्रेमध्ये. बटाटे आणि चणे एकाच कुकरमध्ये, डब्यावर डबा. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा फेकू दिल्या नाहीत, सूपमध्ये गेल्या. मला कांदे चिरायला बसवलं, नवऱ्याला कुकरपाशी उभं केलं. "दोघं इथंच थांबा. मग आठवडाभर नुसतं गरम करायचं." आमचा सुट्टीचा दिवस गेला खड्ड्यात.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून घरी आले की हल्ली लगेच ताट समोर येतं, हे खरं आहे. तोंडानं कधीही कबूल करणार नाही.

मंगळवार, १२ मार्च

शेवटी नवरा बोललाच. "ताईला कायमची ठेवून घेऊ. तिकडे एकटी काय करणार? आणि खर्च बघ किती खाली आलाय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ऐकत होत्या.

मी म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत बघू. म्हणजे नाही. त्याला ते कळलं. तिकडेही कळलं असणार, कारण नळ पुन्हा सुरू झाला.

एकदा, फक्त एकदा चुकू दे त्यांचं काहीतरी. मग बघते.

गुरुवार, १४ मार्च

चणे अळणी! मुद्दाम मोठ्यानं मीठ मागितलं. बरं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

दुकान दुपारीच बंद झालं. घरी आले तर वन्सं टेबलापाशी बसलेल्या, समोर रजईचं गाठोडं. "थांब जरा, वाफ जाईल." मला भूक लागली होती. सोडलंच.

पातेलं गार. तांदूळ पाण्याच्या तळाशी, कच्चे. ते गॅसवर चढलंच नव्हतं.

वन्संनी पाण्यात बोट घातलं. "उकळी आणली होती ना मी?" मलाच विचारत होत्या. मग खुर्चीत मागे टेकल्या. "होस्टेलात असंच एकदा पातेलं गॅसवर विसरले. पडदा पेटला. तेव्हा घरी बसवलं मला. आता पेटत्या गॅसची धास्ती वाटते, म्हणून ही सगळी युक्ती. भावाला सांगू नकोस. स्वयंपाक सुटला तर मी इथं कशाला हवी कुणाला?"

मला हवी होती ती चूक आयती हातात आली होती. आणि मी ते पातेलं उचलून गॅसवर चढवलं. चिठ्ठ्या, रविवार, आम्हा दोघांना कुकरपाशी अडकवून ठेवणं – सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि मी शिव्या घालत होते. लाज वाटली.

रविवार, १७ मार्च

काल भात मी केला. गॅसवर, शेवटपर्यंत उभं राहून. मग रजईत गुंडाळून टेबलावर ठेवला.

नवरा जेवताना म्हणाला, "ताई, तुझ्या रजईची कमाल आहे."

"आहेच," मी म्हणाले. "त्यांचं उरलेलं सामान कधी आणतोयस?"